बोळाच्या तोंडाशी उभी गाडी

टायरात हवा बरोबर असताना रोज हवा बघायला येणारा माणूस माझ्या बत्तीस वर्षांच्या धंद्यात एकच निघाला, गेणूतात्या. माळेगावच्या रस्त्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि ट्यूब बुडवायला पाण्याचं घमेलं. सकाळी नऊ वाजले की तात्याची पांढरी गाडी समोर येऊन थांबायची आणि काच खाली यायची.

"दादासो, हवा बघ रं."

"कालच बघितली की तात्या."

"आज बघ."

बघायचो. तेहतीस. काल तेहतीस होती, परवाही तेहतीस. नव्या गाडीच्या नव्या टायरातली हवा जाणार कुठं? माझं तोंड फटकळ आहे, गाव म्हणतो तसं. दुसरा कुणी असता तर म्हणालो असतो, बाबा, तुझ्या डोक्यातली हवा बघू का आधी? पण तात्याला तसं बोलवत नव्हतं. माणूस हवेसाठी येत नव्हता, हे कळायला काय शाळा शिकावी लागत नाही.

गाडी पोराची. यशराज बेंगळुरूला कंपनीत आहे. गेल्या दसऱ्याला त्यानं ती आणली. जाहिरातीत तिला कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात, आमच्याकडं सरळ उंच गाडी म्हणतात. मोटारीपेक्षा उंच, जीपपेक्षा बुटकी. यशराज चार दिवस राहिला, वाड्यावस्त्यांवर गाडी मिरवली आणि विमानानं परत गेला. जाताना चावी बापाच्या हातात दिली आणि म्हणाला, "तात्या, रोज फिरवा. नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते." कुठं फिरवायची ते काही सांगितलं नाही. तात्याची बायको, सारजावैनी, वारून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. घरात चार खोल्या आणि एक माणूस. बॅटरी कुणाची उतरायला लागली होती, ते यशराजला बेंगळुरूवरनं काय दिसणार.

तात्यानं पोराचा शब्द पाळला. रोज सकाळी माळेगाववरनं निघायचं, बारामतीतनं इंदापूरला जायचं आणि परत यायचं. शंभर-सव्वाशे किलोमीटर होत असतील. आणि रोज काच खाली करून मला गाडीची हकिकत सांगायची. गावात कुणाकडं नवी सून आली की पहिले सहा महिने जसं तिचंच बोलणं चालतं, तसं.

"ष्टेरिंग लई हलकं हाय रं. एका बोटानं फिरतंय. मला तर वाटतं चाकाला जोडलंच न्हाय."

"क्लच दाबला का न्हाय तेच कळत न्हाय. आपल्या ट्रॅक्टरच्या क्लचला मांडीत गोळा यायचा."

"खड्डा आला की आधी वाटतं, आता बसंल कंबरंत. बसत न्हाय. लासुर्ण्याच्या पुढं रस्ता उकरून ठेवलाय तितनं चाळीसनं गेलो, पाण्याची बाटली हलली न्हाय."

"बोलती लई पण. पट्टा लावा, दार लावा, हँडब्रेक काढा. दिवसभरात घरात तेवढंच कुणीतरी काय बाय सांगतं."

गाडीला तो घर म्हणाला, ते त्याच्या लक्षात आलं नाही. मी नटबोल्ट आवळायचं नाटक करत खाली बघितलं.

एक गोष्ट मात्र त्याला भारी आवडायची, ती पुन्हापुन्हा सांगायचा. "चढाला थांबीव, ब्रेकवरचा पाय काढ, इंचभर मागं येत न्हाय. लई गुणाची हाय त्या बाबतीत." तेव्हा मला वाटलं, म्हातारा कौतुक करतोय.

हवा बघताना आतही नजर जायचीच. ड्रायव्हरची सीट घासून चकचकीत झालेली आणि बाकी सगळ्या सीटांवर कंपनीचं प्लॅस्टिक जसंच्या तसं. वीस हजार किलोमीटर पडलेले, आणि शेजारी कुणी बसलेलं नाही. मी एकदा म्हणालो, "तात्या, प्लॅस्टिक काढा की, उन्हानं चिकटंल."

"बसायला कोण हाय?" एवढंच म्हणाला आणि काच वर केली.

यशराजच्या मोबाइलमध्ये म्हणे गाडी कुठं आहे ते दिसतं. रविवारी फोन करून तो विचारायचा, "तात्या, मंगळवारी इंदापूरला दीड तास थांबला व्हता का?" तात्या मला म्हणाला, "गाडी कुठं हाय ते त्याला बसल्या जागी कळतं. मी कसा हाय ते कळायचं यंत्र अजून निघालं न्हाय." बोलताना हसला, पण मला काही हसू आलं नाही.

आता ज्यांना तात्या ठाऊक नाही त्यांना वाटेल, म्हाताऱ्याला पोरानं गाडी दिली आणि हा शिकून चालवायला लागला. तसं नव्हे. गेणूतात्याच्या बापाची मेंढरं होती. बारा वर्षांचा होईतो हा मेंढरांमागं चालला, मग मेंढरं गेली आणि त्यानं एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर बसून स्टेअरिंग धरलं. पुढं स्वतःचा ट्रॅक्टर घेतला. अडतीस सीझन ऊस ओढला, एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडून, आणि एकदाही ट्रॉली पलटी केली नाही. आमच्याकडं ही बढाई लहान नाही. नव्या ड्रायव्हरांना लोक रस्त्याच्या कडेला उभं करून सांगायचे, तो बघ गेणू कसा वळतोय. बारामतीच्या भर चौकातनं तो दोन भरलेल्या ट्रॉल्या अशा काढायचा की कोपऱ्यावरच्या रसवाल्याचा ग्लाससुद्धा हलायचा नाही. त्याच्या ट्रॉल्यांची पंक्चरं मी काढायचो. हाताला ग्रीस, डोक्याला टॉवेल आणि शेजारी मडगार्डवर सारजावैनी, अशीच त्याची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढं आहे.

लेक सुकन्या इंदापूरला दिलेली. जावई संदेश बँकेत. एक पोरगी, स्वराली, नऊ वर्षांची. दसऱ्याला गाडी आली तेव्हा सुकन्याला यायला जमलं नाही, स्वराली तापानं फणफणली होती. आणि आमच्याकडं रीत अशी की नवं वाहन घरात आलं की घरच्या लेकीनं ओवाळायचं. बैल असो, ट्रॅक्टर असो, फटफटी असो. लेकीनं कुंकू लावल्याबिगर वाहन घरचं होत नाही. सुकन्यानं फोनवर सांगितलं, "तात्या, गाडी माझ्या दारात घेऊन या. मी हितंच ओवाळते. नारळ आणून ठेवलाय."

तात्या दर मंगळवारी इंदापूरला लेकीकडं जायचा. पण दारात नाही. सुकन्याचं घर एका बोळात आहे. बारा घरं, शेवटाला भिंत. तात्या बोळाच्या तोंडाशी रस्त्याकडेला गाडी उभी करायचा, इंजिन चालूच ठेवायचा आणि फोन करायचा, "भाईर ये." सुकन्या यायची. काचेतनं तो पिशवी द्यायचा. शेवग्याच्या शेंगा, ज्वारीचं पीठ, कधी बोरं. ती म्हणायची, चला आत. तो म्हणायचा, पाण्याची पाळी हाय. ती म्हणायची, चहा तरी घ्या. तो म्हणायचा, यशराजचा फोन येणार हाय. ती म्हणायची, तात्या, इंजिन तरी बंद करा. तो गिअर टाकायचा. ती आत गेल्यावर पुढं कुठंतरी जाऊन दीड तास गाडीतच बसायचा, आणि मग बायपासला वळसा घालून घराकडं निघायचा.

असे सहा महिने गेले. नारळ देव्हाऱ्याशेजारी वाळत पडला.

गावाला कारण लागतंच. कुणी म्हणालं, पोरीनं जमिनीत हिस्सा मागितला असणार. कुणी म्हणालं, आईच्या पाटल्या तिनं नेल्या. मलाही वाटलं, काहीतरी धरून बसलाय म्हातारा. सुकन्याचा समज तर याहून वाईट होता. सारजावैनींना शेवटचं दुखणं आलं तेव्हा तिनंच हट्ट करून आईला इंदापूरच्या दवाखान्यात नेलं होतं, आपल्या घराजवळ. पाच दिवसांत वैनी गेल्या. सुकन्यानं स्वतःच ठरवून टाकलं की तात्या त्याबद्दल आपल्यावर धरून आहेत, म्हणून आईविना या घराची पायरी चढत नाहीत. माझ्या बायकोपाशी ती रडून बोलली होती. मला बायकोनं सांगितलं आणि वर बजावलं, तुमचं तोंड उघडू नका. मी उघडलं नाही. आता वाटतं, उघडलं असतं तर बरं झालं असतं.

चैत्रातल्या एका शुक्रवारी तात्या नेहमीसारखा आला. मी पुढच्या चाकाशी बसलो होतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. या गाडीत फोन आला की गाडीच बोलते, चारी बाजूंनी. काच उघडी होती, त्यामुळं सुकन्याचा आवाज माझ्या डोक्यावरनं रस्त्यापर्यंत गेला.

"तात्या, यांची बदली झाली. परभणीला. रविवारी दुपारी टेम्पो येतोय सामान न्यायला."

तात्या बटणं दाबत होता, पण आवाज बारीक व्हायच्या ऐवजी मोठाच झाला.

"रविवारी सकाळी गाडी घेऊन या. दारात या, बोळाच्या तोंडाला न्हाय. आनि यायचं नसंल तर पिशवी घिऊन पण येऊ नका. आई गेली तवाच माझं माहेर गेलं, असं मी समजते आनि जाते परभणीला. ठेवते."

गाडी गप्प झाली. मी चाकाशीच बसून राहिलो. तात्यानं स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि समोर बघत होता, जणू गाडी चालू आहे.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि काचेत तोंड घातलं. "तात्या, वयानं मोठे हायसा म्हणून इतके दिवस गप बसलो. पोटच्या पोरीवर एवढा राग? तिनं काय शेण खाल्लं असं?"

"राग कशाचा रं," तो म्हणाला. "राग न्हाय."

"मग काय हाय?"

तो म्हणाला, "बोळ हाय."

"बोळ हाय म्हंजे?"

"पुढं भिंत हाय. आत गेली की मागंच घ्यावी लागती."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसलो. अडतीस सीझनचा ड्रायव्हर, आणि याला गाडी मागं घेता येत नाही? मग त्याचं तोंड बघितलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

खरं म्हणजे मलाच ते आधी सुचायला हवं होतं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागं घेताच येत नाही. एक ट्रॉली इकडं वळते, दुसरी तिकडं, आणि मधला दांडा मोडतो. कुणाच्या बापाला जमत नाही ते. कारखान्यातसुद्धा एका गेटनं आत जायचं, काट्यावर वजन द्यायचं, ऊस उतरायचा आणि दुसऱ्या गेटनं बाहेर पडायचं. आयुष्यभर हा माणूस घरनं निघतानाच ठरवून निघाला की मागं घ्यावी लागेल अशा जागी जायचंच नाही. उरलं फडातलं काम. तिथं मात्र एकेरी ट्रॉली उसाच्या मोळ्यांपर्यंत मागं लावावीच लागते.

"तितं सारजा उभी राहायची," तात्या म्हणाला. "म्या कधी मान वळवून बघितलं न्हाय. पुढच्या चाकाकडं बघायचो आन् तिचं ऐकायचो. लांब असली की 'येऊ द्याऽऽ' म्हणायची, लांबडं. जवळ आली की आखूड करायची. द्या, द्या, द्या, बास. आन् ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा. थाप पडली की ब्रेक. अडतीस सीझन त्याच्यावर गेलं बघ. एक दिस चुकली न्हाय ती."

"पण या गाडीला क्यामेरा हाय की. मागचं सगळं पुढं दिसतं."

"टीव्हीत बघून चुलीवर भाकरी भाजता येती का?" तो चिडला. "नुसती टीं टीं वरडती. का वरडती, कुणीकडं वरडती, काय कळत न्हाय. दिवाळीत एकदा घेतली मागं. अंगणातच. म्हटलं कुणी बघत न्हाय तवर शिकून घ्यावं. टीं टीं वाजाय लागलं आन् म्या घाबरून पाय दाबला, तो भलतीकडंच. सारजाच्या तुळशीचा कट्टा गेला कोपऱ्याला."

मी गेज खाली ठेवला. "कट्टा तुमी पाडला?"

"व्हय."

"तात्या, तुमी तर सांगितलं माझ्या कालवडीनं पाडला."

"व्हय. चुकलंच ते."

पाच महिने, सांगतो. त्याच्या अंगणाला लागून माझा गोठा, पाच महिने मी त्या मुक्या जनावराला आखूड दाव्यानं बांधलं. बायकोनं तुळशीपुढं नाक घासलं, सिमेंटची पाटी मी स्वतः नेऊन दिली. गाडीच्या मागच्या बंपरला अगदी खाली कोपऱ्यात 'जय मल्हार'चं स्टिकर का, हेही तेव्हा कळलं. देवाचं नाव कुणी चिखलात चिकटवतं का? खालचा ओरखडा झाकला होता.

चार शिव्या तोंडात आल्या होत्या. पण तात्या म्हणाला, "तिचा कट्टा म्याच मोडला दादासो. त्या दिसापासनं रिव्हरसच्या दांड्याला हात लावला न्हाय," आणि शिव्या गिळल्या.

"मग पोरीला सांगा की एवढं. न्हायतर संदेशला द्या चावी, तो काढंल मागं."

"अडतीस सीझन वढलेल्या माणसानं जावयाला म्हणायचं, बाबा, मला गाडी काढून दे? आन् पोरीला काय सांगू? तुज्या आईची तुळस मोडली म्हणून सांगू?"

असली ही माणसं. जीव गेला तरी चालेल, पण वळण चुकलं असं कुणी म्हणता कामा नये.

"मी येतो रविवारी," मी म्हणालो. "मी राहतो मागं उभा."

रविवारी सकाळी मी दुकान बंद ठेवलं. बायकोला वाटलं मला बरं नाही. तात्या शर्ट-धोतराला इस्त्री करून आलेला. मी पुढं बसलो तर प्लॅस्टिक करकर वाजलं, आणि पट्टा लावला नाही म्हणून गाडीनं मला दटावलं. तात्याला बरं वाटलं त्याचं. "सगळ्यांना बोलती ती," म्हणाला.

मी पंक्चरवाला, गाड्या मी खालनं बघितलेल्या. आत बसून चाललेली गाडी मला नवी होती. आतला गारवा, बाहेरचा आवाज बंद, रस्ता नुसता खालनं सरकत जायचा. पण तात्याचं चालवणं बघून मी वरची कडी घट्ट धरली. प्रत्येक वळण तो लांबनं घ्यायचा, पार पलीकडच्या कडेपर्यंत जाऊन. एखाद्या गाडीला मागं टाकलं की बराच वेळ परत डाव्या बाजूला यायचाच नाही. मागनं लोक हॉर्न द्यायचे. एवढीशी गाडी आणि हा तिला पन्नास फुटांची समजून चालवत होता. मागं दोन ट्रॉल्या आहेतच, असं धरून. वीस हजार किलोमीटर अशीच चालवली असणार, आणि सांगायला शेजारी कुणी नाही.

निमगाव केतकीच्या पुढं मी म्हणालो, "तात्या, मागं काय न्हाय. घ्या आत."

"ठावं हाय," तो म्हणाला, आणि पुढच्या वळणाला पुन्हा तसंच.

बोळाच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली. सवयीनं हात फोनकडं गेला. मग त्यानं हात परत घेतला, पहिला गिअर टाकला आणि गाडी आत घातली. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या कुरडया. माणसं उठून वाट देत होती. भिंतीच्या अलीकडं, शेवटून दुसऱ्या घरापुढं गाडी उभी राहिली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तात्यानं लेकीच्या समोर इंजिन बंद केलं.

सुकन्या दारात होती. हातात सामान बांधायची सुतळी. ती आत गेली आणि ओवाळायचं ताट घेऊन आली. दिव्याची वात लावली. बॉनेटला कुंकू लावलं, तात्याला लावलं, मलाही लावलं. दसऱ्याचा नारळ आतनं सुटून खुळखुळत होता. चाकापाशी फोडला तर पाणी नाही, नुसती खोबऱ्याची वाटी. तोच प्रसाद म्हणून सगळ्यांना दिला.

"लई उशीर केला तात्या," एवढंच म्हणाली.

घरात भांडी खोक्यांत, भिंतींना खिळे, खाली सतरंजी. आम्ही जेवलो. स्वराली गाडीत बसून टपावरचं काचेचं झाकण उघडमिट करत होती. तात्या जेवताना एकसारखा दाराकडं बघत होता, आणि का ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

अडीच वाजता बोळाच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पो आत यायचा तर गाडी बाहेर निघायला हवी. संदेश उठला, "द्या चावी मामा, मी काढतो."

"न्हाय," तात्या म्हणाला आणि स्वतः जाऊन बसला.

मी मागं उभा राहिलो. "येऊ द्या तात्या. येऊ द्या." मागचे पांढरे दिवे लागले, आतनं टीं टीं ऐकू आलं, आणि गाडी हलेना. लाल दिवा लागलेलाच. "येऊ द्या की," मी ओरडलो. टेम्पोवाला हॉर्न मारतोय, बोळातली बारा घरं दारात आलेली. मी काचेशी गेलो. तात्याच्या कपाळाला घाम सुटला होता, आत एवढा गारवा असून.

"तुजा आवाज कळंना मला," तो हळू म्हणाला.

सुकन्या पायरीवरनं बघत होती. "काय झालं दादासोकाका?"

तात्यानं माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी गप्प बसला असता. पण माझं तोंड फटकळ. मी सांगून टाकलं. राग नाही, तुझ्यावर काही धरून नाहीत, त्यांना गाडी मागं घेता येत नाही. तुझी आई उभी राहायची, आता कोण नाही, म्हणून सहा महिने बोळाच्या तोंडाशी बसले. आणि तुळशीचा कट्टा माझ्या कालवडीनं पाडला नाही, हेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण कालवडीचा निकाल लागायला हवा होता.

सुकन्या खाली बसली पायरीवर. मला वाटलं रडते आता. ती उठली, पदर कमरेला खोचला आणि गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. लहानपणी ती ट्रॉलीच्या कडेला बसून सगळे सीझन फडात होती, हे मी विसरलोच होतो.

"येऊ द्याऽऽ."

गाडी हलली.

"येऊ द्याऽऽ. येऊ द्याऽ. येऊ द्या."

आवाज सारजावैनींचा. मी शपथेवर सांगतो. तोच हेल, तेच मागं मागं सरकत जाणं. तात्यानं आरशात बघितलं नाही, टीव्हीत बघितलं नाही. पुढच्या चाकाकडं नजर, मान ताठ, आणि गाडी त्या चिंचोळ्या बोळातनं दोरी धरल्यासारखी सरळ मागं चालली. टाकीला लागली नाही, कुरडयांना लागली नाही.

"द्या, द्या, द्या, बास."

काचेवर दोन थापा पडल्या. ब्रेक लागला.

टेम्पो आत गेला. सुकन्या खिडकीशी आली आणि दारावर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं, आईला हितं आणलं म्हणून तुमी..."

"खुळी हायस का," तात्या म्हणाला. "तू आणली म्हणून ती पाच दिस जास्त राह्यली. पाच दिस. कमी हायत का?"

मग मात्र ती रडली. तात्यानं खिडकीतनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. इंजिन चालू होतं, ते त्यानं बंद केलं.

साडेचारला टेम्पो गेला आणि मागोमाग ती तिघं बसनं गेली. बोळातल्या त्या घराला संदेशनं कुलूप लावलं आणि चावी शेजारच्यांना दिली, मालकाला द्या म्हणून. आम्ही परत निघालो. भवानीनगर ओलांडल्यावर तात्या म्हणाला, "आवाज जसाच्या तसा हाय रं. सहा महिनं म्या बोळाच्या तोंडाला बसून हुतो, आन् आवाज आत हुता."

दुसऱ्या दिवशी सोमवार. नऊ वाजता गाडी दुकानासमोर थांबली, काच खाली आली.

"दादासो, हवा बघ रं."

मी गेज घेऊन गेलो. तात्यानं इंजिन बंद केलं होतं, आणि दोन्ही हात मांडीवर होते.

"बॅटरी उतरती म्हणतोय यशराज. फिरवायला तर पायजे," तो म्हणाला. "आता रोज कुठं जाऊ रं, सांग."

मी चारी टायरांची हवा बघितली. तेहतीस होती.